गाडी सोडायची कुणी

टण टण.

जुईने रिकाम्या वाटीवर चमचा वाजवला आणि दुपारपासून घरात साचून राहिलेली शांतता फुटली.

"अजून दूधभात."

"वाजवू नकोस गं, देते," मी लॅपटॉपमधून डोकं वर न काढता म्हटलं. "अण्णा दचकतील."

खरं तर अण्णा दचकले असते तर मला बरंच वाटलं असतं. झटका आल्यापासून माझे सासरे कशालाच दचकत नव्हते. कुकरच्या शिट्टीला नाही, दाराच्या बेलला नाही, जुईने कानाशी जाऊन पिपाणी फुंकली तरी नाही. रोजच्यासारखे ते टीव्हीसमोरच्या खुर्चीत बसले होते. मांडीवर उशी, उशीवर माझ्या गेमचा कंट्रोलर, कंट्रोलरवर त्यांचा डावा हात. उजवा हात मी ठेवला होता तसाच पोटाशी. पडद्यावर एक लाल बस स्टँडात उभी होती. प्रवासी चढून बसले होते, इंजिन घुरघुरत होतं आणि 'निघा' म्हणून सांगणारा हिरवा बाण लुकलुकत होता. रोज दुपारी तो असाच लुकलुकायचा. अण्णा बसकडे बघायचे, बस अण्णांकडे.

त्या दुपारी इंजिनाचा आवाज बदलला.

मी वर बघितलं. पडद्यावरचं स्टँड मागे सरकत होतं.

"आई! अण्णांची गाडी चालली!"

जुई वाटी-चमच्यासकट हॉलमध्ये पळाली आणि तिच्यामागे मी. अण्णांचा अंगठा कंट्रोलरवरच्या छोट्या काठीवर होता, पहिलं बोट मागच्या बटणावर. बस स्टँडाच्या फाटकातून सावकाश बाहेर पडली, डावीकडे वळली, रस्त्याला लागली. नव्या माणसाची बस या खेळात हमखास फाटकाच्या खांबाला घासते. माझी घासली होती. अण्णांची नाही घासली.

"अण्णा!" मी खाली गुडघ्यांवर बसले. "अण्णा, चालवताय तुम्ही?"

ते माझ्याकडे बघत नव्हते. रस्त्याकडे बघत होते. जुईने आनंदाने वाटीवर चमचा हाणला, एकदाच, सगळी ताकद लावून. टण!

बस कडेला घेतली गेली आणि थांबली. मी जुईच्या हातातून वाटी काढून घेतली. मग आम्ही दोघी पडद्याकडे बघत किती वेळ बसून राहिलो. बस काही पुन्हा हलली नाही.

*

अण्णा म्हणजे मारुतराव भोईटे. आयुष्यभर एसटीत ड्रायव्हर होते. सातारा-महाबळेश्वर, पसरणीचा घाट, वर्षानुवर्षं तोच रस्ता. निवृत्त झाल्यावरही सातारच्या आमच्या घरात ते ड्रायव्हरसारखेच वावरायचे. बोलणं कमी, बसणं ताठ, आणि रिक्षात बसले तरी पाय आपोआप ब्रेक शोधणार. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली होती. मग एका सकाळी दाढी करताना वस्तरा हातातून पडला आणि उजवं अंग गेलं. वाचाही गेली. डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं, बोलता तर येत नाहीच, पण आपण बोललेलं त्यांच्यापर्यंत कितपत पोचतंय हेही सांगता येत नाही.

पोचत नाही, असं हळूहळू सगळ्यांनी धरून चालायला सुरुवात केली. "अण्णा, चहा देऊ?" काही नाही. "अण्णा, दुखतंय का? दुखत असेल तर डोळे मिटा." काही नाही. व्यायाम शिकवायला मुलगी यायची. तिने "बाबा, उभे राहा, चला" म्हणून पुष्कळ गोड बोलून बघितलं, अण्णा तिच्या खांद्यावरून भिंतीकडे बघत राहिले. तिनेच सांगितलं होतं की डावा हात चांगला आहे, त्याला तरी काम द्या, नाहीतर तोही आळसावेल. रबरी चेंडू दिला. तो घरंगळत सोफ्याखाली गेला आणि जुईचा झाला.

मग मी कंट्रोलर दिला.

माझी नोकरीच ती होती. पुण्यातल्या एका लहानशा कंपनीसाठी मी घरून गेम तपासायचे. बाजारात येण्याआधी गेम कुठे अडतो, कुठे फसतो, ते शोधायचं. लग्नाआधीपासून मला खेळांचं वेड. कॉलेजात असताना मैत्रिणी कानातले घ्यायच्या तेव्हा मी जुना कन्सोल घ्यायला पैसे साठवले होते. कुठलाही गेम खेळले की माझ्या डोक्यात लगेच दुसरा सुरू व्हायचा: इथे हे असतं तर? हे बटण दोन हातांऐवजी एका हाताने चाललं असतं तर? माझी नणंद शैलाताई म्हणायच्या, "नशीब काढलंस बाई. दिवसभर खेळायचं आणि वर पगार."

अण्णांसाठी मी बस चालवायचा गेम घेतला. डाव्या बाजूने चालणारे रस्ते निवडले. बसला लाल रंग दिला. सगळी बटणं डाव्या हाताखाली आणून बसवली, म्हणजे अंगठ्याने वळवायचं, एका बोटाने वेग, त्याच्या शेजारच्या बटणाने ब्रेक. गेममध्ये ही सोय होती, पण ती इतकी आत लपवली होती की मला राग आला. जिला एकच हात आहे ती व्यक्ती ही सोय शोधेपर्यंत दुसरा हातही दुखायला लागेल.

एवढं करून अण्णांनी एकही बटण दाबलं नव्हतं.

"पल्लवी, उगाच छळू नको त्यांना," माझा नवरा संग्राम म्हणायचा. तो शिरवळला कारखान्यात होता. घरी यायचा तेव्हा दमलेला असायचा, आणि वडिलांकडे बघितलं की जास्त दमायचा. "आणि स्वतःलाही."

येत्या रविवारी शैलाताई अण्णांना घेऊन जाणार होत्या. पुण्याजवळ अशा माणसांना सांभाळणारं एक केंद्र त्यांनी बघून ठेवलं होतं. जागा स्वच्छ होती, नर्स होत्या, मोठी झाडं होती. त्या वाईट नव्हत्या हो. आईचं सगळं शेवटचं त्यांनीच केलं होतं आणि आता माझ्या कडेवरच्या पोरीकडे, माझ्या नोकरीकडे, आमच्या दोन खोल्यांकडे बघून त्यांनी हे ठरवलं होतं. "त्यांना कळत असतं तर मी असं केलं नसतं," त्या फोनवर म्हणाल्या होत्या. "पण घर काय आणि केंद्र काय, आता त्यांना सारखंच आहे गं."

पण बस हलली होती.

*

त्या संध्याकाळी संग्राम चप्पल काढतोय तोवरच मी सांगितलं. तो तसाच खुर्चीपाशी येऊन उभा राहिला.

"अण्णा, चालवा बरं. दाखवा मला."

बस उभी. बाण लुकलुकत होता.

"मघाशी फाटकातून बाहेर काढली त्यांनी. विचार जुईला."

"अण्णांनी भुर्रर्र केली," जुईने साक्ष दिली.

संग्रामने माझ्या डोक्यावर हात ठेवला, मी आजारी असल्यासारखा. "बोट लागलं असेल गं."

"नुसतं बोट लागून बस खांब चुकवते?"

आत जाऊन त्याने तोंडावर पाणी मारलं, ते जरा जास्तच वेळ मारलं.

आमच्या कामात एक नियम असतो. चूक एकदा दिसली तर ती दिसली असं कुणी मानत नाही. ती पुन्हा घडवून दाखवावी लागते. तेव्हा काय काय होतं? कुठलं बटण आधी, कुठलं नंतर? एकेक गोष्ट तशीच्या तशी मांडायची आणि वाट बघायची. मी अण्णांच्या बाबतीत तेच करायला घेतलं. दुसऱ्या दिवशी तीच वेळ, तोच पडदा अर्धा ओढलेला, तोच चौकड्यांचा शर्ट, टीव्हीचा आवाज तेवढाच. जुईला दूधभात. जुई जेवली, बस हलली नाही. मी पंखा बंद केला. नाही. खुर्ची पुढे घेतली. नाही. कंट्रोलरमधली स्प्रिंग कडक असेल म्हणून दुसरा कंट्रोलर दिला. नाही.

"अण्णा, अहो चला ना," मी शेवटी रडकुंडीला येऊन म्हटलं. "एकदाच."

ते पडद्याकडे बघत होते. त्या बघण्यात एक गोष्ट मला तेव्हा पहिल्यांदा दिसली. ते नुसते बघत नव्हते, ते तयार होते. पाठ ताठ होती. बोट बटणावर होतं, पण दाबलेलं नव्हतं. सिग्नलला उभं असतं तसं.

जुई प्लॅस्टिकच्या वाटीतून शेवटचं शीत शोधत होती. स्टीलची वाटी घासायला पडली होती.

मी तिच्याकडे बघितलं. मग वाटीकडे. उठून मी ती खरकटी स्टीलची वाटी विसळली, चमचा घेतला, आणि स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून वाजवली.

टण टण.

अण्णांनी मान जरा डावीकडे केली, पडद्यावरच्या आरशात बघितलं, आणि बस सोडली.

मी एकदा वाजवली. टण. बस कडेला थांबली. दारं उघडली. गेममधली माणसं उतरली, चढली. दारं मिटली. हिरवा बाण लुकलुकायला लागला. अण्णा हलले नाहीत.

टण टण. बस निघाली.

लहानपणी आजोळी जाताना मी एसटीत कंडक्टरच्या बाजूची जागा पकडायचे. छताला लागून एक दोरी ड्रायव्हरपर्यंत गेलेली असायची. सगळे चढले की कंडक्टर ती दोनदा ओढायचा, पुढे ड्रायव्हरच्या डोक्याशी टण टण व्हायचं आणि गाडी सुटायची. कुणाला उतरायचं असलं की एकदा. ड्रायव्हर मागे वळून कधी बघायचा नाही, कुणाला विचारायचा नाही. कंडक्टरने डबल बेल दिल्याशिवाय तो गाडी सोडायचा नाही, एवढंच.

मी हातात वाटी धरून तिथेच उंबऱ्यात बसले. रोज दुपारी मी या माणसासमोर प्रवाशांनी भरलेली गाडी आणून उभी करत होते आणि म्हणत होते, यांना काही कळत नाही. आणि ते बिचारे ड्यूटीवर बसून होते. बेल यायची वाट बघत.

*

रविवारी शैलाताई आल्या त्या येतानाच अण्णांसाठी नवे स्वेटर, चादरी आणि नाव घातलेली पाण्याची बाटली घेऊन आल्या. खुर्चीपाशी बसून त्यांनी अण्णांचे केस विंचरले.

"मान केवढी बारीक झाली," त्या म्हणाल्या. "जेवतात ना नीट?"

"ताई, आधी एक बघा," मी म्हटलं.

"संग्रामने सांगितलंय मला तुझं ते."

"सांगितलंय, पण बघा तरी."

मी गेम लावला. जुई वाटी घेऊन खुर्चीमागे उभी राहिली. तिच्या खांद्याला माझी जुनी पर्स होती, कंडक्टरची म्हणून. "पुढे सरका, पुढे सरका!" ती कुणालातरी ओरडली आणि मग टण टण दिलं. बस निघाली. टण. थांबली. टण टण. निघाली. संग्राम दाराला टेकून उभा होता, त्याने हे दोन दिवसांत कितीतरी वेळा बघितलं होतं तरी तो पुन्हा डोळे पुसायला बाल्कनीत गेला.

शैलाताईंनी कंगवा खाली ठेवला.

"सवय आहे गं ती," मग त्या म्हणाल्या. "पस्तीस वर्षांची सवय. बोटांत बसलेली."

"पण त्यांना ऐकू येतंय, समजतंय..."

"घंटा वाजली की गुरंसुद्धा वळतात, पल्लवी." त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "त्याला समजणं म्हणत नाहीत. मी त्यांची मुलगी आहे. मी समोर बसलेय, केस विंचरतेय, आणि त्यांना मी कोण ते माहीत नाही. तू मला खेळ दाखवतेस. मला आशा लावू नकोस. आईच्या वेळी मी खूप आशा लावून बसले होते."

त्या म्हणत होत्या ते खोटं म्हणून सिद्ध करायला माझ्याकडे एक वाटी आणि चमचा होता.

"तुम्ही द्या ना बेल," जुई त्यांना म्हणाली आणि वाटी पुढे केली. "मला शू लागलीय."

जुई आत पळाली. शैलाताई वाटीकडे बघत राहिल्या. पडद्यावर बस एका थांब्यावर उभी होती. दार उघडं होतं, माणसं चढत होती. सगळ्यात शेवटी एक म्हातारी, हातात पिशवी, एक पाय पायरीवर आणि एक खाली. या गेममधली म्हातारी माणसं फार हळू चढतात. मी एकदा त्यावर तक्रारही लिहिली होती.

शैलाताईंनी ते बघितलं. त्यांनी मुद्दाम केलं की रागात केलं, मी त्यांना पुढे कधी विचारलं नाही. म्हातारी पायरीवर असतानाच त्यांनी वाटीवर दोनदा चमचा मारला.

टण टण.

बस हलली नाही.

अण्णांचा अंगठा काठीवर होता, बोट बटणावर होतं. आरशात म्हातारी एकेक पायरी चढत होती. शैलाताईंनी पुन्हा दिली, जोरात, टण टण!

तेव्हा अण्णांनी बटणावरचं बोट उचललं. मान वळवली. झटका आल्यापासून त्यांनी कुणाच्या हाकेला मान वळवली नव्हती. सावकाश, अर्ध्या अंगाने जेवढी वळते तेवढी वळवून त्यांनी मागे बघितलं. सरळ शैलाताईंकडे. कपाळाला आठी आणि एक भुवई थोडी वर.

शैलाताईंच्या हातातला चमचा खाली पडला.

"असंच..." त्या म्हणाल्या आणि थांबल्या. "असंच बघायचे गं. मी शाळेतून त्यांच्याच गाडीने यायचे. कंडक्टरकाकांची नजर चुकवून दोरी ओढायचे. माणसं चढत असायची आणि मी डबल बेल द्यायचे, मज्जा म्हणून. गाडी कधी हलायची नाही. आरशातून असंच बघायचे माझ्याकडे. घरी गेल्यावर एक शब्द बोलायचे नाहीत, नुसतं..."

खुर्चीजवळ खाली बसून त्यांनी अण्णांच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं.

"अण्णा, चुकलं. नाही ओढणार."

म्हातारी आत चढली. दारं मिटली. बाण लुकलुकायला लागला. अण्णा पुन्हा समोर बघायला लागले होते. कुणीच काही करेना. बस तशीच उभी होती. जुई ओले हात घेऊन बाहेर आली, खाली पडलेला चमचा तिने उचलला, सगळ्या मोठ्या माणसांकडे एकदा बघितलं, पर्स खांद्यावर सारखी केली.

"चला, झालं का?" ती म्हणाली. टण टण.

*

स्वेटर आणि चादरी आमच्याच कपाटात राहिल्या. बाटली जुईने पळवली.

त्यानंतर आमच्या घरात वाटी हे बोलायचं साधन झालं. व्यायामाच्या मुलीला मी चमचा दिला. अण्णांच्या बगलेत हात घालून तिने टण टण केलं आणि ते उठून उभे राहिले. पहिल्या दिवशी लटपटले, पण उठले. एकदा वाजवलं की थांबायचे. जेवताना डबल बेल दिली की तोंड उघडायचे. शैलाताई रविवारी पुण्याहून यायच्या आणि दुपारभर कंडक्टर व्हायच्या. जुई त्यांना ड्यूटी द्यायची नाही, त्यावरून दोघींची भांडणं व्हायची.

"तू लहान आहेस अजून, तुला कायम नाही केलंय," शैलाताई म्हणायच्या.

"तुम्हाला तर घेतलंच नाहीये," जुई म्हणायची.

मी ऑफिसच्या बैठकीत सांगून बघितलं. म्हटलं, असा एक खेळ करू, ज्यात दोन माणसं असतील. एक चालवेल आणि दुसरा फक्त 'चला' आणि 'थांबा' म्हणेल. दुसऱ्याने म्हटल्याशिवाय पहिला निघणारच नाही. आमचा प्रमुख हसला. "पल्लवी, वाट बघण्यात कसली मजा? खेळणाऱ्याला सगळं स्वतःच्या हातात हवं असतं." त्याचं चूक नव्हतं. मी आजवर खेळलेला प्रत्येक खेळ असाच सुरू होतो: कुठलंही बटण दाबा, निघा. कुणासाठी थांबायचं नसतं. थांबायला सांगणारं कुणी लागतं हेच कुणाच्या डोक्यात नसतं.

एका दुपारची गोष्ट अजून सांगायला हवी. एक गेम दुसऱ्या दिवशी बाजारात जायचा होता. जुईला ताप होता, सकाळपासून मी पाणी प्यायला उठले नव्हते, पाठ मोडून आली होती आणि फोनवर कुणीतरी माझ्यावर ओरडत होतं आणि मी हो हो म्हणत होते. फोन ठेवला आणि लगेच दुसरा लावायला घेतला.

टण.

मला वाटलं जुई. पण जुई झोपली होती. अण्णांच्या मांडीवरच्या उशीवर वाटी होती आणि डाव्या हातात चमचा. ते माझ्याकडे बघत होते.

एकच. मी फोन खाली ठेवला.

त्यांनी पुन्हा काही वाजवलं नाही. मी उठले, चहा टाकला, दोन कप. त्यांच्या शेजारी खाली बसून प्यायले. मी चहा संपवेपर्यंत त्यांनी चमचा हातातून सोडला नाही. मग कप बाजूला ठेवला तेव्हा त्यांनी सावकाश, एकेक करून, वाजवली. टण. टण.

सासरी येऊन मला बरीच वर्षं झाली होती. अण्णा माझ्याशी इतकं कधी बोलले नव्हते.

*

ते गेले तेव्हा जुई शाळेत होती. ती पहिलीत होती तेव्हा. नाश्ता करून ते खुर्चीत बसले, मी गेम लावून दिला, आतून गॅस बंद करून आले तेवढ्यात. चेहरा शांत होता. हात कंट्रोलरवर होता. बस थांब्यावर उभी होती, प्रवासी चढून बसले होते आणि तो हिरवा बाण लुकलुकत होता. मी टीव्ही बंद केला नाही. संग्राम येईपर्यंत तो तसाच चालू होता.

जुईला शेजारच्या काकू परस्पर शाळेतून त्यांच्याकडे घेऊन गेल्या. मग शैलाताई तिला पुण्याला घेऊन गेल्या. सगळं आटपेपर्यंत ती इथे नव्हती. तिकडे तिला जे सांगायचं ते शैलाताईंनी सांगितलं, माझ्यापेक्षा नीट सांगितलं असेल.

ती परत आली त्या दिवशी दुपारी घर रिकामं झालं होतं. पाहुणे गेले होते. खुर्ची भिंतीला लावून ठेवली होती. जुई दप्तर न काढता खुर्चीसमोर जाऊन उभी राहिली. मग स्वयंपाकघरात गेली, मांडणीवरून ती पोचे पडलेली वाटी काढली, उलटीसुलटी करून बघितली.

"अण्णा गेले?" तिने विचारलं.

"हो, बाळा."

"आत्याने सांगितलं." ती विचार करत होती. कपाळाला आठी होती, एक भुवई थोडी वर. "मी शाळेत होते तेव्हा?"

"हो."

"आत्या पण नव्हती?"

"नाही."

"तू दिलीस?"

"काय?"

तिने वाटी माझ्यासमोर धरली.

"डबल बेल. मी नव्हते, आत्या नव्हती, तूही नाही दिलीस. मग अण्णांनी गाडी सोडली कशी?"